टेकडीवरच्या गावांत आठ दिवस

"इटलीला जाऊन आलात! मग व्हेनिस पाहिलंत? तो कललेला मनोरा पाहिलात?" परत आल्यापासून हा प्रश्न मला निदान वीस जणींनी विचारला असेल. "नाही हो, तिकडे गेलोच नाही," म्हटलं की समोरचा चेहरा असा पडतो, जणू काही मी पंढरपूरला जाऊन विठोबा न बघताच आले! रोम नाही, व्हेनिस नाही, मग आठ दिवस केलंत तरी काय? तेच सांगायला बसले आहे. गणपतीचं सगळं आटोपून आता कुठे जरा सवड झाली.

आमचा मुलगा आणि सूनबाई म्युनिकला असतात. गेल्या मे महिन्यात, म्हणजे २०२५ च्या, आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो होतो. माझे गुडघे आणि ह्यांची बायपास ध्यानात घेऊन सूनबाईनं आधीच ठरवून टाकलं होतं, की रोज नवं गाव नि रोज नवं हॉटेल असली धावपळ करायची नाही. तोस्काना नावाचा प्रांत आहे, त्यात व्हाल द'ओर्चा नावाचं खोरं आहे, तिथे शेतावरचं घर आठवड्यासाठी घ्यायचं. शनिवारी शिरायचं आणि पुढच्या शनिवारी निघायचं. स्वयंपाकघर आपलं. मला काय, आमटी-भात करायला मिळाला की कुठेही राहीन!

जाताना आणखी एक गोष्ट आमच्याबरोबर होती. ह्यांच्या पिशवीत, औषधांच्या डब्याखाली, एक खाकी पाकीट. राजापूरकडच्या आमच्या घराचे कागद होते त्यात. धाकट्या दिरांनी गिऱ्हाईक आणलं होतं. त्या माणसाला आमची जागा घेऊन तिथे पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. सगळ्या भावंडांच्या सह्या झाल्या होत्या, फक्त ह्यांची राहिली होती. "तिकडे निवांतपणे वाचतो आणि करतो," म्हणून हे पाकीट बरोबर घेऊन आलेले. त्या घरात माझ्या थोरल्या जाऊबाई, आमच्या अक्का, राहतात. भाऊजी गेल्यापासून एकट्याच. त्यांना रत्नागिरीला छोटा ब्लॉक घेऊन द्यायचा असं भावाभावांत ठरलं होतं.

असो. आधी गावांचं सांगते.

या खोऱ्यात शिरलं की पहिल्यांदा डोळ्यांत भरतं ते हे, की खाली सगळी शेतं आणि गावं मात्र वर, टेकडीच्या अगदी माथ्यावर. ताटात भाताची मूद पाडावी आणि वर तुळशीचं पान ठेवावं तसं प्रत्येक टेकडीवर एक गाव. मे महिन्यात गहू अजून हिरवा असतो आणि त्यात लालभडक पॉपीची फुलं. रस्त्याच्या कडेनं सुरूसारखी उंच, सडपातळ सायप्रसची झाडं रांगेनं उभी. मी ह्यांना म्हटलं, "पाणी खाली, शेत खाली, मग ही माणसं कशाला मरायला डोंगरावर चढून बसली?" कारण दोन. एक तर लुटारूंचं आणि शेजारच्या राज्यांचं भय. आणि दुसरं म्हणजे डास! खालच्या खोऱ्यांत जागोजाग दलदल होती आणि हिवतापानं माणसं मरत. मलेरिया हा शब्दच मुळी इटालियन आहे. 'माला आरिया' म्हणजे वाईट हवा. दलदलीवरून येणाऱ्या वाईट हवेनंच ताप येतो अशी समजूत होती. मग शहाणी माणसं वाऱ्यावर जाऊन राहिली. शेजारच्या व्हाल दी कियाना खोऱ्यातली दलदल तर पुढे कालवे काढकाढून आटवावी लागली.

आमच्या मुक्कामापासून जवळचं गाव पिएन्झा. एवढंसं, चप्पल घालून निघावं आणि वीस मिनिटांत पालथं घालून यावं असं. पण त्याची कथा मोठी गमतीची. पूर्वी त्याचं नाव कोर्सिन्यानो. तिथे १४०५ साली एक मुलगा जन्मला. सिएना शहरातून घालवून दिलेल्या एका बड्या घराण्यातला तो. पुढे तोच पोप झाला, दुसरा पायस. पोप झाल्यावर त्याला आपलं जन्मगाव आठवलं, आणि १४५९ मध्ये त्यानं ठरवलं, की या खेड्याचं नमुनेदार शहर करायचं. बेर्नार्दो रोसेलिनो नावाचा स्थपती नेमला. चर्च, वाडा, चौक, सगळं तीनएक वर्षांत उभं राहिलं. आता ज्या मैत्रिणींनी घर बांधलंय त्यांनी नीट ऐका. या बेर्नार्दोनं खर्चाचा अंदाज दिला होता दहा हजार मोहरांच्या आसपास, आणि खर्च आला पन्नास हजारांच्या वर! लोक पोपचे कान भरू लागले. कंत्राटदाराला बोलावणं गेलं. तो भीत भीत आला. पोपनं इमारती हिंडून पाहिल्या आणि म्हणाला, की बरं झालं खोटं बोललास, खरा आकडा सांगितला असतास तर मी हे बांधायला घेतलंच नसतं. वर शंभर मोहरा आणि लाल झगा बक्षीस! हे मी ह्यांना वाचून दाखवलं तर हे म्हणाले, "आपल्या कंत्राटदाराला ही गोष्ट कळू देऊ नकोस."

पण त्या चर्चची मागची बाजू उतारावरच्या चिकणमातीवर आली आहे. बांधलं तेव्हापासून ती खचते आहे. आत गेलं की जमीन मागे कललेली जाणवते, भिंतींना तडे दिसतात. पोपनं फर्मान काढून ठेवलं होतं, की या चर्चमध्ये कुणी काडीचा बदल करायचा नाही, पांढऱ्या भिंतींवर रंगाचा ठिपकाही लावायचा नाही. माणसं फर्मान पाळत राहिली, माती मात्र ऐकेना. आणि तो पोप १४६४ मध्ये गेला. इतक्या हौसेनं बांधलेलं गाव त्याला पुरते चार दिवससुद्धा भोगायला मिळालं नाही म्हणायचं.

पिएन्झात मेंढीच्या दुधाचं चीज प्रसिद्ध आहे, पेकोरीनो म्हणतात. दुकानात शिरलं की वास नाकात बसतो, तो संध्याकाळपर्यंत जात नाही. शाकाहारी मैत्रिणींसाठी सांगून ठेवते, तिकडच्या पुष्कळशा जुन्या चीजमध्ये दूध फाडायला कोकराच्या पोटातला पदार्थ वापरतात. ज्यांना चालत नसेल त्यांनी विचारून घ्यावं. 'सेन्झा कार्ने' म्हणजे मांसाविना, एवढे दोन शब्द पाठ करून जा. आणि तरीही सूपमध्ये काय काय घातलंय ते विचाराच.

आता आमच्या शेतघराबद्दल. खरं तर मला त्याच्याबद्दलच लिहायचं होतं.

दगडाचं दुमजली घर. बाहेरून जिना. खाली आता आमचं स्वयंपाकघर, पण भिंतीत दगडी गव्हाणी तशाच ठेवलेल्या. म्हणजे खाली गोठा आणि वर माणसं. थंडीत गुरांची ऊब वर चढते म्हणून तशी रचना. मी गव्हाणीवरून हात फिरवला आणि मला आमच्या राजापूरच्या घरचा गोठाच आठवला. घरमालकीण पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजीबाई. काळा स्वेटर, पायांत रबरी चपला, सकाळी सहाला परसात. त्यांची नात सगळा कारभार बघते आणि इंग्रजी बोलते. आजीबाईंना एक अक्षर येत नाही. तरीसुद्धा दुसऱ्याच दिवशी आमचं दोघींचं सूत जमलं, आणि ते जमलं पिठावरून.

तिकडे पिची नावाचा प्रकार करतात. कणकेच्या शेवयाच म्हणा, पण जाड, दोऱ्यापेक्षा सुतळीच्या जवळच्या. पीठ आणि पाणी, अंडं बहुतेक नाही. पाटावर हातानं वळत वळत लांबवायच्या. आजीबाई अंगणात बसून वळत होत्या. मी बघत बघत शेजारी बसले आणि एक गोळा उचलला. वाळवणाच्या दिवसांत गव्हले, बोटव्या, शेवया करून माझी बोटं तयार झालेली. पहिल्या दोन जाडजूड झाल्या, तिसरी बरोबर उतरली. आजीबाईंनी ती उचलून उजेडात धरली, नातीला हाक मारली नि काहीतरी म्हणाल्या. नात हसून म्हणाली, "आजी विचारतेय, तुम्ही कुठल्या गावच्या?" म्हणजे इटलीतल्या कुठल्या!

त्या पिचीवर घालायला काय, तर शिळ्या पावाचा चुरा लसणीबरोबर तेलात खरपूस परतून. अहो, आपली फोडणीची पोळीच की! या प्रांतात शिळा पाव टाकत नाहीत. पूर्वी घराच्या भट्टीत आठवड्यातून एकदाच पाव भाजत, तो शेवटच्या दिवसापर्यंत पुरवायचा. मग तो भिजवून, पिळून त्यात टोमॅटो, कांदा घालून थंड कोशिंबीर करतात, तिला पान्झानेल्ला म्हणतात. घेवड्याच्या बिया, काळपट पानांची कोबी आणि पाव घालून केलेलं सार दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळतात. त्याचं नावच 'रिबोल्लीता', पुन्हा उकळलेलं. शिळ्याला एवढं प्रतिष्ठेचं नाव आपण कधी दिलं नाही. पाव मात्र अळणी असतो. मुद्दामच मीठ घालत नाहीत. पहिल्या दिवशी मला वाटलं विसरले! मी त्याच्याशी बरोबर नेलेलं लिंबाचं लोणचं खाल्लं, झकास लागलं.

वळताना गप्पा निघाल्या. नात मध्ये बसून इकडचं तिकडे करत होती. हे घर आजीबाईंच्या माहेरचं, पण मालकीचं नव्हतं. तिकडे अर्धेलीची पद्धत होती, 'मेझाद्रिया' म्हणत. जमीन नि घर जमीनदाराचं, राबायचं कुळानं, पीक निम्मं निम्मं. शिवाय सणावाराला मालकाकडे कोंबडे, अंडी पोचवायची. घरात कुणाचं लग्न काढायचं तरी मालकाची परवानगी लागे. घरात वडीलधारा पुरुष कर्ता, आणि एक बाई कर्ती. तिला 'मस्साया' म्हणायचं. कोंबड्या, ससे, परसातली भाजी सगळं तिच्या अखत्यारीत, आणि अंड्यांचे पैसे तिचे. त्यातून मीठ, सुईदोरा, मुलींचे कपडे. आजीबाईंची आई अशी मस्साया होती. अंड्यांच्या पैशांचं मडकं कुठे पुरलेलं असे ते नवऱ्यालासुद्धा ठाऊक नव्हतं म्हणे. मी म्हटलं, "आमच्याकडे तांदळाच्या डब्यात ठेवतात." हे भाषांतर होऊन पोचलं तशा आजीबाई इतक्या हसल्या, की पदर असता तर तोंडाला लावला असता.

महायुद्धानंतर सगळं पालटलं. शहरांत कारखाने निघाले. तरुण मुलं अर्धेलीला विटली होती. १९६४ मध्ये सरकारनं अर्धेलीचे नवे करार करायलाच बंदी घातली, पण त्याच्या आधीपासूनच माणसं शेतं सोडून निघाली होती. आपल्याकडे कूळकायद्यानं कसणाऱ्याला जमीन मिळाली, कुळं जागेवर राहिली. (आमच्या सासऱ्यांची त्यातच गेली, ते शेवटपर्यंत कुरकुरत. पण राबलं कोण होतं ते मला ठाऊक आहे.) तिकडे उलटं झालं, कुळंच निघून गेली. इतकी ओस पडली ही शेतं, की दूरच्या सार्दिनिया बेटावरचे मेंढपाळ मेंढरं घेऊन इथे आले आणि त्यांनी कुरणं धरली. पिएन्झाचं ते नावाजलेलं चीज करण्यात आज त्यांचा मोठा वाटा आहे.

आजीबाईंच्या घरी एका संध्याकाळी जेवणाच्या मेजावर बापानं आणि दोन भावांनी ठरवलं, की पोज्जीबोन्सीला लाकडी सामानाच्या कारखान्यात जायचं. बाईमाणसं वाढत होती. आईला कुणी विचारलं नाही. ती काही बोललीही नाही. फक्त निघताना सहा कोंबड्या टोपलीत घालून घेतल्या आणि तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत ठेवल्या. शेजाऱ्यांनी तक्रार केली तेव्हा एकेक करून त्या कापाव्या लागल्या. शेवटची कापली त्या दिवशी आई जेवली नाही.

"मग पुढे?" मी विचारलं.

पुढे घर वीस वर्षं ओस. छप्पर पडलं, चुलीतून अंजिराचं झाड वर आलं. तोपर्यंत इंग्रज, जर्मन, अमेरिकन लोक हौसेनं अशी पडकी घरं विकत घ्यायला लागले होते. आजीबाईंनी नवऱ्याला सांगितलं, हे घर परक्याच्या हाती जायच्या आत आपण घ्यायचं. कर्ज काढलं. १९८५ मध्ये कायदा झाला, शेतकऱ्यानं शेती सांभाळून घरात पाहुणे ठेवावेत, 'अग्रितुरिस्मो', तेव्हा दोन खोल्यांनी सुरुवात केली. आई मात्र त्याआधीच पोज्जीबोन्सीत गेली होती. अंजीर तोडलं नाही, तेवढं भिंतीबाहेर काढून लावलं. आम्ही ज्याच्या सावलीत बसलो होतो तेच ते.

मी वर पाहिलं. गॅलरीत हे उभे होते. हातात चष्मा. किती वेळ ऐकत होते कुणास ठाऊक.

त्यानंतरचे दोन दिवस आम्ही हिंडलो. मोन्तेपुल्चानो फारच उंच, माझे गुडघे निम्म्या चढावरच संपावर गेले. मी खाली कॉफी पीत बसले, बाकीचे जाऊन आले. तिथे ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी ऐंशी किलोची लाकडी पिंपं चढावरून ढकलत नेण्याची शर्यत असते, आठ पेठांची चुरस. चढ बघून मला त्या पिंपांचीच दया आली. एका गावात (नाव नको) आमची गाडी चुकून वेशीच्या आत शिरली. जुन्या गावांत बाहेरच्या गाड्यांना मनाई असते. पांढऱ्या गोल पाटीला लाल कड असते आणि वर कॅमेरा असतो. पोलीस नाही, शिट्टी नाही, मुलगा म्हणाला, "कुणी पाहिलं नाही." पाहिलं होतं! दोन महिन्यांनी म्युनिकच्या पत्त्यावर शंभराच्या घरातल्या युरोंचं चलन. गाडी वेशीबाहेर लावा आणि चालत जा, हा माझा सल्ला. दुपारी एक ते चार दुकानं बंद. पुण्याच्या माणसाला याचं नवल वाटायचं कारण नाही. आणि हॉटेलात बिलावर 'कोपेर्तो' म्हणून माणशी दोन-तीन युरो लावलेले असतात, ते बसण्याचे. भांडू नका, मी भांडून पाहिलंय.

गुडघ्यांना खरं सुख मिळालं ते बान्यो व्हिन्योनीला. या गावाच्या मधोमध चौक नाहीच! चौकाच्या जागी दगडानं बांधलेला मोठा हौद आहे आणि त्यात गरम पाण्याचे झरे. सकाळी वाफा निघत असतात. हौदात उतरायला बंदी आहे, पण पाणी पुढे उघड्या पन्हळांतून कड्याकडे वाहत जातं, तिथे पाय सोडून बसायला कुणी अडवत नाही आणि पैसाही पडत नाही. साडी पोटरीपर्यंत धरून मी तासभर बसले. आपल्याकडचं वज्रेश्वरी, राजापूरचं उन्हाळं आठवत होतं. इथेच सिएनाच्या संत कॅथरीनला तिची आई घेऊन आली होती, चौदाव्या शतकात. पोरीच्या डोक्यात संन्यास भरलेला, चार दिवस हवापालट झाला तर खूळ जाईल, ही आईची आशा. या आईला पंचवीस मुलं झाली होती असं सांगतात. तर मुलीनं काय करावं? जिथे पाणी सगळ्यात कढत तिथेच जाऊन बसली, देहदंड म्हणून! शेवटी आईच हरली. कॅथरीनचं सगळे सांगतात. मी मात्र पाय शेकत त्या आईचाच विचार करत होते.

शुक्रवारी, शेवटच्या दिवशी, दूरचा पल्ला काढला. तोस्कानाच्या बाहेर, लात्सिओ प्रांतात चिव्हिता दी बान्योरेज्यो नावाचं गाव आहे. मुलगा म्हणाला, "आई, हे बघितलंच पाहिजे. मरणारं गाव म्हणतात त्याला." मी म्हटलं, "कसली रे ही अभद्र नावं." पण ते नाव बाहेरच्यांनी ठेवलेलं नाही. त्याच भागातले लेखक बोनाव्हेंतुरा तेक्की यांनी ते दिलं.

पलीकडच्या टेकडीवरून ते पहिल्यांदा दिसलं आणि आम्ही चौघंही गप्प झालो. चहूबाजूंनी खोल दरी. मधोमध एक सुळका, आणि त्यावर जेमतेम मावलेलं गाव. अडीच हजार वर्षांपूर्वी एत्रुस्कन लोकांनी वसवलेलं. वर ज्वालामुखीच्या राखेचा मऊ दगड, खाली चिकणमाती. पाणी खालची माती धुऊन नेतं आणि वरचा दगड आधार सुटून तुकड्या-तुकड्यांनी कोसळतो. १६९५ च्या भूकंपात मोठी पडझड झाली, तेव्हा गावचा कारभार शेजारच्या बान्योरेज्योत हलवला. माणसंही हळूहळू गेली. पूर्वी तिकडे जायला जमिनीची धार होती, तीही झिजली. १९६५ पासून पायी जायचा लांबलचक पूल आहे आणि त्याच्या शेवटी छातीवर येणारा चढ. हे दोनदा थांबले. मी तीनदा.

वेशीतून आत गेल्यावर डाव्या-उजव्या हाताला फुलांच्या कुंड्या, मांजरं, दगडी जिने, सगळं चित्रासारखं. एका जागी मोठ्या वाड्याची दर्शनी भिंत उभी आहे. खिडक्या आहेत, पण खिडक्यांतून दिसतं आकाश. मागचा वाडा केव्हाच दरीत गेला. बोनाव्हेंचर नावाचे मोठे संत या गावचे, तेराव्या शतकातले. त्यांच्या लहानपणीचं घरही असंच कड्याबरोबर गेलं. आज कायमची राहणारी माणसं दहा-पंधरा. आणि बघायला येणारे? रांगच्या रांग! २०१३ पासून गावात शिरायला तिकीट लावलं आहे. आम्ही माणशी पाच युरो दिले. त्या पैशांतून आणि पाहुण्यांच्या जिवावर गाव टिकून आहे. नाहीतर केव्हाच विसरलं गेलं असतं.

एका दारात एक बाई निवडत बसली होती. कसली तरी शेंग होती. समोरून माणसं फोटो काढत जात होती आणि ती मान वर करत नव्हती. सूनबाईनं फोन उचलला, मग तिनं तो तसाच खाली घेतला. बरं वाटलं मला.

ह्यांनी तिथल्या बाकावर बसून एकच वाक्य काढलं. "आपल्या घरालाही तो माणूस असंच काहीतरी करणार, नाही?"

मी म्हटलं, "तो काय करणार ते नंतर. अक्कांना कुणी विचारलंय का?"

हे काही बोलले नाहीत. मला राग आला होता तो खरं म्हणजे ह्यांचा नव्हता, माझाच. धाकट्या भाऊजींनी फोनवर सगळं सांगितलं तेव्हा मीसुद्धा "बरं झालं, अक्कांना एकटं राहायला नको" असंच म्हटलं होतं. रत्नागिरीचा ब्लॉक कितव्या मजल्यावर, एवढं तरी मी विचारायला हवं होतं.

परतताना वाटेवर ओर्व्हिएतो लागलं. तेही टेकडीवरचं, पण चांगलं नांदतं शहर. तिथली विहीर पाहिली आणि मी थक्क झाले. १५२७ मध्ये रोम लुटलं गेलं तेव्हा पोप सातवा क्लेमेंट पळून इथे आला. शहराला वेढा पडला तर पाण्याचं काय, म्हणून त्यानं ही खोदायला घेतली. दहा वर्षं काम चाललं. त्रेपन्न मीटर खोल, म्हणजे पावणेदोनशे फूट. आत गोल गोल उतरणारे दोन स्वतंत्र जिने, एकमेकांत गुंफलेले. प्रत्येकी २४८ पायऱ्या, रुंद आणि बेताच्या उंचीच्या, कारण पाणी आणायला खेचरं उतरत. एका जिन्यानं रिकामी खाली, दुसऱ्यानं भरलेली वर, म्हणजे वाटेत समोरासमोर यायलाच नको. मी चार पायऱ्या उतरून वाकून बघितलं आणि परत फिरले.

त्या विहिरीच्या बाहेरच, कठड्यावर बसून, ह्यांनी फोन लावला. गावात संध्याकाळ उलटून गेली होती. अक्कांनी फोन उचलला तो ओरडूनच, लांबचा फोन म्हटलं की त्या ओरडूनच बोलतात. जेवण मिळतं का, थंडी आहे का, ह्यांच्या गोळ्या वेळेवर चालल्यात ना. मग ह्यांनी विहिरीचं सांगितलं. पलीकडून अक्कांचा आवाज मलासुद्धा ऐकू येत होता.

"पावणेदोनशे फूट? नि पाणी शेंदायचं कुणी?"

"शेंदायचं नाही वहिनी, खेचरं आणायची पाठीवरून."

"बरं हो बरं. बायकांवर नव्हतं म्हणजे."

मग ह्यांनी घसा खाकरला. चाळीस वर्षांच्या संसारात तो आवाज मी ओळखते. म्हणाले, "वहिनी, घराचं सगळ्यांनी ठरवलं, पण तुम्हाला काय वाटतं ते कुणी विचारलंच नाही. मी विचारतोय."

पलीकडे काही क्षण नुसता रातकिड्यांचा आवाज. मला वाटलं फोन तुटला. मग अक्का बोलल्या, आता न ओरडता.

"आधी घर शाकारून घ्या. माजघरावरची कौलं गेल्येत, पाऊस तोंडावर आलाय. मग बोलू."

ह्यांनी खिशातून विहिरीचं तिकीट काढलं, माझ्याकडून पेन घेतलं आणि त्याच्या पाठीवर लिहिलं, 'कौलं दोनशे. गड्याची मजुरी.' मग विचारलं, "आणखी काय काय, वहिनी?"